‘आम्ही’मधला ह

नोव्हेंबर १९९६, दिवाळीनंतरचा मंगळवार, संध्याकाळ. स्थळ: पालघर, स्टेशनजवळचं डीटीपीचं दुकान. हजर: नाटकाची लेखिका, म्हणजे आमच्या कारखान्याची टेलिफोन ऑपरेटर; दिग्दर्शक, म्हणजे देखभाल विभागाचे फोरमन; दुकानाचे मालक; आणि मी. गैरहजर: नाटकातली सासू आणि सून. सासूची कॅन्टीनमध्ये पाळी होती आणि सून प्रयोगशाळेत अडकली होती.

हजेरी मांडायची माझी सवय जुनी. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी प्रशासन विभागात होते. कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे कागदावर उतरवल्याशिवाय मला काम सुरू झाल्यासारखं वाटत नाही. म्हणूनच कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरायचं ठरलं तेव्हा अभिनय, नेपथ्य, संगीत ही कामं वाटून झाली आणि ‘बाकी सगळं’ माझ्याकडे आलं.

बाकी सगळ्यात पहिलं काम होतं संहितेचं. नाटकाची संहिता मुंबईच्या कार्यालयात तपासायला द्यावी लागते. तिथून पानापानावर शिक्का बसून आली की मगच प्रयोग. आमची मुदत पुढच्या सोमवारची होती. सोमवार हुकला की स्पर्धा हुकली.

आणि हे नाटक हुकू नये असं मला मनापासून वाटत होतं, ते लेखिकेसाठी. ती शिरगावची. रोज एसटीने पालघरला, तिथून गाडीने बोईसरला आणि मग दिवसभर टेलिफोनच्या बोर्डावर. आवाज असा स्वच्छ, की बाहेरून फोन करणारे लोक काम झाल्यावरही दोन वाक्यं जास्त बोलत. नोकरीला लागली तेव्हा तिला सांगितलं होतं, आवाज छान आहे, भाषा तेवढी सुधारा. तिने सुधारली. एकदा डबा खाताना मला म्हणाली, “बाई, दिवसभर मी ह लावते. घरी गेले की काढून ठेवते. चपलेसारखा.”

मला कळायला क्षणभर लागलं. तिच्या घरी ‘आमी’, ‘तुमी’. बोर्डावर ‘आम्ही’, ‘तुम्ही’. तिचं नाटक या एका अक्षरावर उभं होतं. सांगलीकडची एक मुलगी लग्न होऊन शिरगावच्या घरात येते. सासू ‘आमी’ म्हणते, सून ‘आम्ही’ म्हणते. दोघींचं पटत नाही, मग पटतं, त्याच्या मधे बरंच काही घडतं. शेवटी माहेरचा भाऊ येतो आणि सुनेला घेऊन जायचं म्हणतो. शेजारची एक नवखी बाई दारात येऊन विचारते, “तुम्ही कुठल्या?” आणि सून म्हणते, “आमी शिरगावच्या.” पडदा. सबंध नाटकभर तिच्या तोंडी असलेला ह त्या एका वाक्यात गळून पडतो. दुसरं काही नाही. तिने वाचून दाखवलं तेव्हा आमचे फोरमन, जे दिवसभर वेल्डरांवर हिंदीत ओरडत असतात, ते उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

आता दुकानाकडे.

संहिता मी कारखान्यातल्या जुन्या संगणकावर जेवणाच्या सुट्टीत टाइप केली होती. त्यावर मराठी लिहायचा एक जुना, काळ्या पडद्यावरचा प्रोग्राम होता. काम चोख करायचा, पण आमचा प्रिंटर टाचण्यांचा, ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उठवणारा. कागदावर शिरोरेघा तुटक यायच्या आणि अनुस्वार कुठे आहे नि धूळ कुठे आहे ते ओळखू यायचं नाही. असली प्रत तपासणाऱ्यांच्या हाती द्यायची नाही, असं फोरमननी ठरवलं. पालघरच्या या दुकानात नवा संगणक होता, लेझर प्रिंटर होता, लग्नपत्रिकांचे सुरेख टाइप होते. फ्लॉपी न्यायची, तिथे उघडायची, छापायची. कागदावर हे काम एका ओळीचं होतं.

मालकांनी फ्लॉपी घातली आणि पडद्यावर आकडे, बाण आणि इंग्रजी मुळाक्षरांचा चिवडा आला.

“ही कुठली बोली?” मालकांनी विचारलं.

“फॅक्टरीतली,” फोरमन म्हणाले.

मालक हसले आणि बाही सरसावून बसले. चाळिशीचे, शांत, चष्मा कपाळावर चढवून काम करणारे गृहस्थ. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. त्यांनी सांगितलं ते असं: आमच्या जुन्या प्रोग्राममध्ये ‘क’चा जो नंबर आहे तो नव्या टाइपमध्ये भलत्याच अक्षराचा आहे. कुलूप तेच, किल्ल्यांचा जुडगा वेगळा. तेव्हा कुठली किल्ली कुणाची, हे एकदा लावून घ्यायचं. त्यांच्याकडे अक्षरं बदलून देणारा एक छोटा प्रोग्राम होता. त्याला ‘याच्या जागी हे घाल’ असं एकेक करून शिकवावं लागे.

ते शिकवणं मी शेजारी बसून पाहिलं आणि मला तो माणूस तिथेच आवडला. काम करायची त्यांची रीत माझ्या मनासारखी होती. एका वेळी एकच बदल. बदल केला की छापून बघायचं. छापलेल्या कागदावर कोपऱ्यात काय बदललं ते लिहायचं. आधी जोडाक्षरं, मग साधी अक्षरं. कारण साधं अक्षर आधी बदललं तर जोडाक्षरातला तुकडाही बदलतो आणि पुढे सापडत नाही. आमच्या कारखान्यात दुरुस्ती अशी झाली असती तर निम्मे पंप वाचले असते.

तासाभरात मराठी दिसू लागलं, पण अडखळत. पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजारच्यावर जाऊन बसली होती. ‘दिवस’चा ‘दविस’ झाला होता, ‘तिखट’चं ‘तखिट’. फोरमननी एक संवाद अभिनयासह वाचला: “मावशी, कालवणात तखिट कमी पडलं!” लेखिका हसून हसून टेबलावर वाकली. भाऊंनी कारण शोधलं. जुना प्रोग्राम वेलांटी आपण बोलतो त्या क्रमाने ठेवायचा, अक्षरानंतर. नवा टाइप ती दिसते त्या क्रमाने ठेवायचा, अक्षराआधी. त्यांनी तसं शिकवलं आणि सगळ्या वेलांट्या आपापल्या घरी परतल्या.

मग उरला एकच कचरा. जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी एक पाय मोडल्याची तिरकी खूण आणि तिच्यापुढे एक ह. ओळ इथे संपली, वाक्य पुढे चालू आहे, असं जुना प्रोग्राम स्वतःसाठी काहीतरी लिहून ठेवायचा. ते नव्या टाइपमध्ये असं दिसत होतं. भाऊंनी प्रोग्रामला शेवटचा धडा दिला: पायमोडी खूण आणि तिच्यापुढे ह, अशी जोडी दिसली की दोन्ही उडव.

कचरा गेला. पान स्वच्छ आलं. एकही वेडंवाकडं अक्षर नाही. फोरमननी कागद दिव्याखाली धरला आणि म्हणाले, “भाऊ, मान गये.”

मी यादीतलं काम खोडलं. खोडताना आनंद झाला, हे मला स्पष्ट आठवतं.

बुधवार आणि गुरुवार लेखिका बोईसरहून सुटल्यावर थेट दुकानात जात होती. फोरमननी नाटक आटोपशीर करायला सांगितलं होतं. तिने भाऊंच्या संगणकावर बसून काही संवाद काढले, काही नवे घातले, एक अख्खा प्रवेश पुढचा मागे केला. भाऊंनी तिला एकच अट घातली. “शेवट सांगायचा नाही, ताई. मी नाटकाला येणार आहे. मी अक्षरं बघतो, नाटक बघत नाही.” आणि खरोखरच ते तसं करत. पान नीट बसलं का, ओळ तुटली का, एवढं पाहायचे. मजकुरावरून त्यांची नजर अशी जायची जशी दुसऱ्याच्या पत्रावरून सभ्य माणसाची जाते.

शनिवारी दुपारी सालवडला तालीम होती. तिथल्या सोसायटीचा हॉल आम्हाला मिळाला होता. नव्या, स्वच्छ प्रती मी वाटल्या. सासूचं काम करणाऱ्या मावशी कॅन्टीन सांभाळत; राहायला वाणगावला, बोलायला मोकळ्याढाकळ्या. सून म्हणजे प्रयोगशाळेतली केमिस्ट मुलगी. नाटकातल्या सुनेसारखीच सांगलीकडची, आणि तिला त्याचा अभिमान होता.

पहिला प्रवेश सुरू झाला. सून नव्याने घरात आली आहे आणि सासूला माहेरचं सांगते आहे. मुलगी वाचू लागली: “आमच्याकडे उनाळ्यात विहिरी आटतात. जेवा भाऊ येईल तेवा तुमी त्याला विचारा.”

फोरमन म्हणाले, “तू सासूचं वाचतेयस.”

“नाही सर. माझ्याच नावापुढे आहे. जेवा, भाऊ येईल. असंच लिहिलंय. आधी जेवून घ्यायचंय का?”

मावशी गुडघ्यावर हात मारून म्हणाल्या, “अगो पोरी, उंबरा ओलांडून पान नाय उलटला नि तू आमच्यासारी बोलाय लागलीस? आमच्या सुनांना वर्सा लागतात!”

सगळे हसले. लेखिका हसली नाही. तिने माझ्या हातातली प्रत घेतली आणि भराभर पानं उलटली. मग पहिल्या पानावर परत आली आणि बोटाने दाखवत गेली. उन्हाळ्याचा उनाळा. म्हणूनचं मणून. म्हातारीची मातारी. कोल्हापूरचं कोलापूर. सगळीकडे ‘आमी’, सगळीकडे ‘तुमी’.

आता उघड होतं. म्ह लिहायचा तर म-चा पाय मोडून त्याला ह जोडायचा. म्हणजे संगणकाच्या पोटात तीच जोडी: पायमोडी खूण आणि पुढे ह. ओळीच्या शेवटचा कचरा काढताना प्रोग्रामने नाटकातली प्रत्येक अशी जोडी उडवली होती, जशी सांगितली तशी. इतर कुठेही हे पहिल्याच पानावर लक्षात आलं असतं. नागपूरला, पुण्याला ‘मातारी’ दिसली की बोट ठेवलं असतं. पण आमच्याकडे जे उरलं ते चुकीचं दिसतच नव्हतं. ते शिरगावचं दिसत होतं. मी दोनदा वाचलं होतं आणि मला वाटलं होतं, काय अस्सल लिहिलंय! दोन दिवस पडद्यावर बघूनही लेखिकेच्या नजरेतून ते घरचंच म्हणून निसटलं होतं.

फोरमनना तर ते आवडलंच होतं. ते म्हणाले, “हे बघ, सगळे एकसारखे बोलले तर बिघडलं कुठे? उलट भाषा एकजीव झालीय. प्रेक्षकांना कळतंय ना? चलेगा.”

“नाही चालणार,” ती म्हणाली. टेलिफोनवरचाच आवाज, शांत आणि स्वच्छ. “ही पहिल्याच पानावर आमची झाली, तर शेवटी काय होणार?”

फोरमननी हातातली प्रत मिटली. त्यांना ते पाणी प्यायला गेलेलं आठवलं असावं.

मी कागद काढला. सोमवारी संहिता मुंबईत हवी. मधे एक रविवार. जुनी फ्लॉपी पुन्हा बदलून घ्यायची तर ह परत येतील, पण बुधवार-गुरुवारच्या सगळ्या दुरुस्त्या जातील आणि तिला त्या आठवून पुन्हा कराव्या लागतील. तेवढा वेळ नव्हता. तेव्हा नवी प्रत ठेवायची आणि तिच्यात ह परत घालायचे.

रविवारी सकाळी भाऊंनी आमच्यासाठी दुकान उघडलं. काय झालं ते ऐकल्यावर त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि कान धरला. खरोखरचा, स्वतःचा. “ओळीच्या शेवटचीच उडव, असं सांगायला हवं होतं,” ते म्हणाले. मग लगेच कामाला लागले. म्हणाले, ‘आमी’च्या जागी ‘आम्ही’ घाल, एक मिनिटाचं काम आहे.

“सासूचं ‘आमी’ राहिलं पाहिजे,” लेखिका म्हणाली.

भाऊ थांबले. संगणकाला सासू आणि सून यांतला फरक सांगता येत नव्हता. त्याच्यासाठी ‘आमी’ म्हणजे ‘आमी’.

मग मोठ्याने वाचायचं ठरलं. सुनेचे संवाद सुनेने, सासूचे मावशींनी, माहेरच्या भावाचे फोरमननी. जिथे ह हवा तिथे लेखिकेने बोट वर करायचं, भाऊंनी तो घालायचा. मी पानांचा हिशेब ठेवणार. दुकानात खुर्च्या कमी होत्या, मावशी कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “पक्की बैठक हाय. घरी पन असाच एक गठ्ठा पायजे.”

वाचन सुरू झालं आणि थोड्याच वेळात एक गंमत लक्षात आली. मावशी वाचत होत्या तेव्हा बोट वर होतच नव्हतं. एकदाही नाही. पान उलटलं, प्रवेश उलटला, सासूच्या वाक्यांत दुरुस्ती शून्य. प्रोग्रामने तिच्या बोलीला धक्काही लावला नव्हता, कारण काढून न्यावं असं तिच्यात काही नव्हतंच. आमची शाळेत शिकलेली भाषा ठिकठिकाणी मोडली होती आणि मावशींची जशीच्या तशी उभी होती. मी हे बोलून दाखवलं. मावशी म्हणाल्या, “मंग! आमची भाषा कंपुटरला घाबरत नाय.”

दुसऱ्या अंकात सासू आजारी पडते आणि सून रात्रंदिवस तिची उस्तवार करते. डॉक्टर येतात. सून त्यांना सांगते, “म्हातारीला ताप आहे.” कागदावर होतं, ‘मातारीला ताप आहे.’ केमिस्ट मुलीने तसंच वाचलं आणि बोट वर होण्याची वाट पाहिली. भाऊंचा हात की-बोर्डवर थांबला. बोट वर झालं नाही.

लेखिका खिडकीबाहेर बघत होती. “पुन्हा वाच,” ती म्हणाली. मुलीने वाचलं. “मातारीला ताप आहे.”

“राहू द्या,” लेखिका म्हणाली. “एकदम शेवटच्या वाक्यात ह जातो, असं मी लिहिलं होतं. तसं नसतं होत. तो असा सुटतो. घाईत, काळजीत, आपल्याला न कळता. मला कळलं नव्हतं.”

भाऊ म्हणाले, “ताई, लेखक म्हणून मशीनचं पण नाव टाकू का?”

“टाका. पण मानधन मागायचं नाही.”

तिथून पुढे ती प्रत्येक शब्दाशी थांबू लागली. इथे ह हवा. इथे नको. सून रागावली की ह परत यायचा, ठसठशीत. चुलीपाशी एकटी असली की गळायचा. तिने कुठेही चूक केली नाही असं मी म्हणू शकते, कारण ती जे करत होती ते तिला रोज गाडीतून उतरून एसटीत बसेपर्यंतच्या वाटेवर स्वतःला करावं लागत होतं. मी अनेक हुशार माणसांबरोबर काम केलं आहे. पण झालेल्या मोडतोडीतून इतकं शांतपणे काही उचलून घेणारी व्यक्ती मी पुन्हा पाहिली नाही. बिघाड दुरुस्त करणं आम्हाला सगळ्यांनाच येत होतं. बिघाडातलं काय ठेवायचं, ते तिला येत होतं.

दुपार कलली. शेवटचा प्रवेश राहिला होता आणि शिरगावच्या एसटीची वेळ झाली. तिने त्या प्रवेशाची छापील पानं घेतली, पेन्सिलीने माहेरच्या भावाच्या आणि शेजारणीच्या सगळ्या संवादांत ह मांडले आणि भाऊंच्या हाती दिली. “एवढेच घाला. सुनेचं मी बघून ठेवलंय, ते ठीक आहे.” शेवट वाचून दाखवायचा नव्हता, भाऊंची अट होती ना. त्यांनी पानं उलटी ठेवली आणि म्हणाले, “मी अक्षरं बघेन.” सोमवारी सकाळी फोरमन मुंबईला जाताना भाऊंकडून शिवलेल्या, पाकीटबंद प्रती घेऊन गेले आणि मुदतीत देऊन आले.

संहिता मंजूर होऊन आली त्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले गेले. शिक्क्याची प्रत मी लेखिकेच्या बोर्डापाशी नेऊन दिली. थोड्या वेळाने माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

“बाई,” ती म्हणाली, “शेवटच्या पानावर सून शिरगावची झालीच नाही.”

मी खाली गेले. शेवटचं वाक्य होतं: “आम्ही शिरगावच्या.” वर गोल, जांभळा शिक्का.

काय झालं असेल ते दोघींनाही कळलं. भाऊंनी माहेरच्या भावाचे आणि शेजारणीचे ह घातले. मग प्रामाणिकपणे पानभर नजर फिरवली असेल. सुनेच्या नावापुढे एक ‘आमी’ राहून गेलेला दिसला असेल. दिवसभर सुनेचेच ह घालत बसलेला माणूस तो. शेवट न वाचण्याचा शब्द पाळत त्यांनी तेवढं एक अक्षर पाहिलं, आणि आपुलकीने त्याच्यात ह घातला.

“त्यांना सांगायचं नाही,” ती म्हणाली. “नाटकाला यायचे आहेत.”

तालमीला मी अडचण मांडली. मंजूर संहितेबाहेर बोलायचं नाही, हा नियम. दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. पण अर्ज जाऊन उत्तर येईपर्यंत स्पर्धा होऊन जाईल. परीक्षकांच्या मांडीवर शिक्क्याची प्रत असते. फोरमन म्हणाले, “एका ह-साठी बाद झालो तर मी जीव देईन.” केमिस्ट मुलगी म्हणाली, “मग मी ‘आम्ही’ म्हणू? तसं म्हटलं तर नाटकच नाही राहत, सर.”

लेखिकेचा चेहरा मला बघवला नाही.

मावशी कोपऱ्यात बसून दोरखंडाची गाठ सोडवत होत्या. नेपथ्याला लागायचा होता. वर न बघता म्हणाल्या, “कागदावर ह हाय ना? हाय. तर म्हन. किती मोट्यानं म्हनायचा, ता कुठं लिवलाय काय?”

फोरमननी मावशींच्या पायाला हात लावला आणि मावशींनी त्यांना दोर फेकून मारला.

प्रयोग पालघरलाच होता. तिसऱ्या रांगेत भाऊ सहकुटुंब बसले होते. मागच्या रांगा शिरगावच्या बायकांनी भरल्या होत्या. लेखिकेची आई त्यांच्यात होती. मी विंगेत, हातात यादी. शेवटचा प्रवेश आला. शेजारीण दारात उभी राहिली. “तुम्ही कुठल्या?”

मुलीने सासूकडे पाहिलं. मावशींनी पदर सावरला, बाकी काही नाही. मुलगी म्हणाली, “आम…” आणि मधे एक श्वास सोडला, नुसता श्वास, भांड्यावरची वाफ निघावी तसा, आणि मग, “…ई शिरगावच्या.”

नियमाप्रमाणे ह होता. परीक्षकांपैकी कुणी मान वर केली नाही. पण मागच्या रांगांतून एक बाई मोठ्याने म्हणाली, “झाली! आमची झाली!” आणि पडदा तिच्या आवाजावर पडला.

बक्षीस आम्हाला लेखनाचं मिळालं. भाऊ आत येऊन लेखिकेला म्हणाले, “ताई, मी त्या ओळीत ह घातला होता. मला आठवतंय. कुठे गेला?”

“मावशींनी काढला,” ती म्हणाली. भाऊंना काय ते समजलं. त्यांनी दोन्ही कान धरले.

त्यानंतर ते नाटक आणखी काही मंडळांनी केलं. प्रत द्यायचं काम माझ्याकडेच. शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स देते आणि तोंडी सांगते, शेवटच्या वाक्यात ह आहे, पण तो श्वासाने घ्या. काहींना समजतं, काही माझ्याकडे संशयाने बघतात.

दुरुस्तीचा अर्ज मी तेव्हाच तयार केला होता. ‘शेवटचे पान, शेवटचे वाक्य: आम्ही ऐवजी आमी असे वाचावे.’ त्यावर तिची सही हवी. पुढे कारखाना बदलला, बोर्ड गेला, ती आता शिरगावलाच असते. अधूनमधून मी अर्ज घेऊन जाते. तिच्या घरी बोंबलाची चटणी आणि भाकरी होते, गप्पा होतात. निघताना मी कागद पुढे करते. ती वाचते, हसते आणि म्हणते, “बाई, एखाद्या मंडळानं न सांगता आपोआप काढला ना तो ह, की करते सही.”

अजून कुणी काढलेला नाही. सही बाकी.